बाबांचा डावा हात

चाकण,
रविवार, रात्र

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोन असताना पत्र कशाला, असं बाबा म्हणतीलच. पण फोनवर ते मला दोन वाक्यांपुढे बोलू देत नाहीत. "हां हां, कळला," म्हणतात आणि फोन तुझ्या हातात देतात. म्हणून लिहून पाठवतेय. आई, तू मोठ्याने वाच, आणि मधेच ते उठून कलमांकडे निघाले तर हाताला धरून बसव.

गेल्या मंगळवारी रात्री दीड वाजता बाबा उठून बसले, डोळे उघडेनात, पाण्याची धार लागलेली, वाळू गेल्यासारखं खुपत होतं, हे तू सांगितलंस तेव्हाच मी विचारलं, दुपारी वेल्डिंग मारलं काय? मागून बाबांचा आवाज आला, "वायच दोन टाके मारलंय गेटाक."

दोन टाके पुरतात, बाबा. आर्कच्या, म्हणजे वेल्डिंगच्या ठिणगीच्या, उजेडातले अतिनील किरण डोळ्यावरचा पारदर्शक पडदा भाजतात, उन्हात पाठ भाजते तसा. त्या वेळी काहीच कळत नाही. सहा ते बारा तासांनी, म्हणजे नेमकं माणूस झोपल्यावर, दुखायला लागतं. म्हणून "धूळ गेली असेल" असं वाटतं. एक-दोन दिवसांत तो पडदा आपोआप भरून येतो हे खरं, पण दर दुसऱ्या महिन्याला भाजून घ्यायची ती जागा नव्हे. त्यात तुमच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन वर्षही झालेलं नाही. आई, पुन्हा असं झालंच (होऊ नये) तर दुधाच्या घड्या नकोत. स्वच्छ गार पाण्याची घडी ठेव, खोलीत अंधार कर आणि सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ने. मेडिकलमधून कोणी डोळा सुन्न करणारे थेंब आणून दिले तर घालू नकोस. त्यानं बरं वाटतं, पण जखम भरायची थांबते.

आता मुद्द्याची गोष्ट. शनिवारी काकांचा धाकटा रातराणीने गावी येतोय, त्याच्याबरोबर एक खोका पाठवलाय. त्यात वेल्डिंगचं हेल्मेट आहे, आपोआप काळं होणारं. आमच्याकडे सगळे त्याला ऑटो हेल्मेटच म्हणतात. किंमत विचारायची नाही.

खरं सांगायचं तर हे मी पाच वर्षांपूर्वीच घ्यायला हवं होतं. दिवसभर चाकणात दुसऱ्यांचे वेल्डिंगचे सांधे तपासायचे, कोणी काचेशिवाय आर्कजवळ उभा दिसला तर ओरडायचं, आणि माझा बाप घरी डोळे मिटून टाके मारतो! माझगावच्या वर्कशॉपात शिकलात तेव्हापासूनची तुमची ती रीत मला पाठ आहे. डाव्या हातात काळ्या काचेची ढाल, उजव्या हातात रॉडचा होल्डर. काचेतून तर काहीच दिसत नाही, म्हणून ढाल बाजूला करून रॉड जागेवर टेकवायचा, डोळे घट्ट मिटायचे आणि ठिणगी पाडायची. रॉड तेवढ्यात सूतभर सरकतो, टाका भलतीकडे बसतो. मग ग्राइंडर, मग पुन्हा टाका. शिवाय पापणी काही पत्र्याची नाही. दुसऱ्या दिवशी गालाची साल निघते ती कशाने असं वाटतं तुम्हाला?

आणि डावा हात ढालीत अडकलेला असतो, म्हणून पाइप धरायला आई.

हे मला मंगळवारनंतर रात्री झोपताना सुचलं आणि झोप उडाली. मला आठवतं ते असं: आई पदर डोक्यावरून ओढून, तोंड विहिरीकडे फिरवून, दोन्ही हातांनी ग्रिलचा पाइप धरून उभी आहे, आणि बाबा म्हणतायत, "हलू नको गो." तोंड फिरवलं तरी पडवीच्या चुन्याच्या भिंतीवरून तोच उजेड परत डोळ्यांत येतो. आई, तुझे डोळे मधूनमधून लाल होतात ते चुलीच्या धुरानं असं आपण धरून चाललो होतो. मलाही कधी शंका आली नाही, आणि मी म्हणे इन्स्पेक्टर.

तर हेल्मेट निवडताना मी हेच धरून निवडलं. बाबांचा डावा हात मोकळा झाला पाहिजे, म्हणजे आई तिथून सुटेल. बाकीच्या गोष्टी त्याच्या मागून.

दुकानदार पहिल्यांदा वेग सांगतो. एक सेकंदाच्या पंचवीस हजाराव्या भागात काळं होतं, दुसरं तीस हजाराव्या. त्या आकड्यांशी आपल्याला घेणंदेणं नाही, पापणी त्यांच्या जवळपासही पोचत नाही. मी आधी आर्क ओळखणारे सेन्सर मोजले. स्वस्तातल्याला दोनच असतात. गेटाच्या गजांतून वाकून, आडव्या पट्टीच्या खालून टाका मारताना एखादा सेन्सर गजामागे लपतो, दुसरा तुमच्याच हाताआड जातो, आणि हेल्मेटला आर्क दिसतच नाही. हे चार सेन्सरचं आहे.

मग काचेच्या कार्ट्रिजवर कोरलेले आकडे बघितले. ४/९–१३ म्हणजे नुसतं असताना चार नंबरचा उजेड, हिरव्या गॉगलमधून बघितल्यासारखा, आणि आर्क पेटला की नऊ ते तेरा नंबरइतकं काळं, तुम्ही बटणावर लावाल तितकं. त्यापुढे १/१/१/२ असे चार आकडे, शेवटी ३७९ हा युरोपच्या मानकाचा नंबर. एक म्हणजे उत्तम, तीन म्हणजे कसंबसं. चौथा आकडा तिरकं बघताना काच किती सारखी राहते त्याचा. तुम्ही नळाखाली मान घालून बघता, म्हणून तो तीन असलेलं मी घेतलं नाही. एका दुकानात मला निम्म्या किमतीत एक दाखवलं, त्यावर आकडेच नव्हते, नुसतं "प्रोफेशनल" लिहिलेलं. ठेवून दिलं.

तुमची मुख्य शंका मला माहीत आहे. "सेल संपलो तर?" म्हणजे ऐन आर्कात काळं झालंच नाही तर डोळे गेले. तसं नाही, बाबा. त्या काचेत दोन गोष्टी आहेत. पुढे एक आरशासारखा थर, तो अतिनील आणि उष्णतेचे किरण कायम अडवतो, सेल असो नसो, काच उजळ असो की काळी. त्याच्यामागे द्रवस्फटिकाचे पडदे. तुमच्या जुन्या डिजिटल घड्याळात आकडे काळे उमटायचे ना, तीच करामत. विजेचा इशारा मिळाला की तो पडदा उजेड अडवतो. तेव्हा सेल गेला तर लख्ख दिपेल, डोळ्यांपुढे हिरवे ठिपके नाचतील, पण मंगळवारसारखी रात्र यायची नाही. अर्थात दिपलं की तिथेच थांबायचं. "आता एवढा टाका मारून घेतो" नको. अशी काच पहिल्यांदा स्वीडनमध्ये १९८१ साली बाजारात आली. तुम्ही माझगावला हेल्परला लागलात तेच साल. गावात पोचायला तिला चाळीसहून जास्त वर्षं लागली, तरी शेवटी बसनेच येतेय.

वेल्डिंगला बसण्याआधी दर वेळी एक करायचं: हेल्मेट घालून उन्हाकडे तोंड करा, नाहीतर गॅसचा लायटर सेन्सरसमोर टकटक वाजवा. काच काळी झाली तर बसा, नाही तर नाही.

मी कारखान्यात लावून बघितलं. तुमचाच बारा नंबरचा रॉड, ऐंशी अँपिअर, काच दहावर. रॉड टेकवण्याआधी सांधा दिसतो, टोक नेमकं कुठे आहे ते दिसतं, आणि ठिणगी पडली की काळोखात वितळलेल्या लोखंडाचं डबकं आणि त्यावर सरकणारा मळ, दोन्ही वेगवेगळे दिसतात. जुन्या काचेतून मला कधी हे इतकं दिसलं नव्हतं. तुम्ही अकरापासून सुरू करा आणि डबकं स्वच्छ दिसेपर्यंत एकेक खाली या. बारा नंबर रॉडला नऊच्या खाली जायचं कारण नाही, आणि हेल्मेट जातही नाही. दहा नंबरचा रॉड घेऊन शंभर-सव्वाशे अँपिअरवर गेलात तर दहा-अकरा.

आत आणखी दोन बटणं आहेत. सेन्सिटिव्हिटी खळ्यात उन्हात बसलात तर कमी करा, नाहीतर हेल्मेट सूर्यालाच आर्क समजून काळं होऊन बसेल. पडवीत बसलात तर वाढवा. डिले मधोमध असू दे. आर्क विझल्यावर लोखंड थोडा वेळ लाल असतं, तेवढा वेळ काच काळी राहिलेली बरी. ग्राइंडिंगचं बटण मात्र विसरून जा. ते लावलं की काच काळी होतच नाही, आणि परत फिरवायला तुम्ही विसरणार, मी ओळखून आहे. ग्राइंडरला साधा पारदर्शक गॉगल खोक्यात टाकलाय.

चष्म्याचं सांगायचं राहिलं, आणि तेही मला तितकंच महत्त्वाचं वाटतं. तुमचा चष्मा दुहेरी, जवळचं बघायला खालचा तुकडा. हेल्मेटमध्ये मान मागे टाकून खालच्या तुकड्यातून बघत बसलात तर मानेचं दुखणं पुन्हा वर येईल. म्हणून आतल्या बाजूला भिंगाची पट्टी सरकवायची खाच असलेलं घेतलंय. पट्टी दोन इंच बाय सव्वाचार इंच, वेगवेगळ्या नंबरांत मिळते. आई, ऑपरेशननंतर त्यांना दिलेला चष्म्याचा कागद कपाटात लोखंडी डब्यात असेल, त्यावरचा जवळचा नंबर मला मेसेज कर. पट्टी मी मागाहून पाठवते.

आता आपल्या हवेचं. खारी हवा आणि चार महिने पाऊस, यात कुठलंच यंत्र सुखात राहत नाही. काम झालं की हेल्मेट खुंटीला लावायचं नाही. कुंभारीण माशी सेन्सरच्या भोकात मातीचं घर करेल, जशी तिने पंपाच्या नळीत केलं होतं. फरसाणाचा मोठा झाकणाचा डबा आहे त्यात ठेवायचं. मिरगाआधी सेल काढून ठेवा, नाहीतर पत्रीवर हिरवी बुरशी धरते. खंडेनवमीला कोयते-पारया पुजायला काढता तेव्हा नवा सेल घाला. सीआर २४५०, कणकवलीत घड्याळवाल्याकडे मिळेल. बाहेरच्या काचेवर ठिणग्या बसून ती धुरकट झाली की बदलायची, पाच जादा टाकल्यात. ती पातळ प्लास्टिकची आहे, राख लावून घासायची नाही, आई. ओल्या मऊ फडक्याने पुसायची.

धूर हे हेल्मेट अडवत नाही. जस्ताचा पांढरा पाइप जोडताना जो पांढरा धूर निघतो तो छातीत गेला की संध्याकाळी हिव भरून ताप येतो. आपण उगाच मलेरियाची तपासणी करत बसतो. सांध्याजवळचं जस्त आधी घासून काढा आणि वाऱ्याकडे पाठ करून न बसता वारा बाजूने येईल असे बसा.

खोक्यात खाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन त्रिकोणी चुंबक आणि दोन सी-क्लॅम्प आहेत. ते आईच्या हाताच्या जागी. चुंबक काटकोनात पाइप धरतो, हलत नाही, आणि त्याला "हलू नको गो" सांगावं लागत नाही. आई, तू त्या वेळी आत जायचंस, निदान विहिरीच्या पलीकडे. अगदीच धरायची वेळ आली तर बाबांच्या जुन्या ढालीला मी नवी काळी काच पाठवलीय, ती तुझी. पण ती वापरायची पाळी आली तर आधी मला फोन कर, मी बाबांशी बोलते.

शेजारच्या काकांना बाबा हेल्मेट वापरायला देतीलच. द्या, पण आधी ते लायटरचं शिकवा.

गेटाची वरची बिजागरी अजून लोंबतेय ना? ती राहू दे. गेट दोरीने बांधा, गुरं आत येणार नाहीत. शिमग्याला चार दिवस सुट्टी टाकलीय, तेव्हा आपण दोघं मिळून मारू. पहिला टाका मी मारणार, बाबांनी बघायचं.

आंब्याला मोहोर कसा आहे ते कळवा. थ्रिप्स, म्हणजे ते फुलकिडे, दिसले काय?

तुमची,
बाय