ते पोलीस वेगळे!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या सोमवारच्या अंकात भुसावळच्या पानावर खालच्या कोपऱ्यात ‘पोलीस बँडच्या सादरीकरणाने रसिक मंत्रमुग्ध’ अशी चौकट आली आहे. रसिक मंत्रमुग्ध झाले का, हे मला सांगता येणार नाही. मी स्टेजवर होतो आणि समोरच्या हॅलोजनमुळे कोणाचंच तोंड दिसत नव्हतं. पण तो पोलीस बँड नव्हता, एवढं नक्की सांगतो. आम्ही पाच जण होतो, पाचही हौशी, आणि खाकीशी कोणाचा दुरूनही संबंध नाही. मी गेल्या वर्षी लोको शेडमधून फिटर म्हणून निवृत्त झालो, तेवढीच काय ती सरकारी नोकरी.

‘द पोलीस’ हा लंडनचा रॉक बँड, १९७७ साली निघालेला. माणसं तीनच. बेस गिटार वाजवत गाणारा स्टिंग, गिटारवर अँडी समर्स आणि ड्रमवर स्ट्युअर्ट कोपलँड. तिकडे त्या सुमारास न्यू वेव्ह म्हणून जी लाट आली, तिच्यातलं हे मोठं नाव. १९७८ ते १९८३ एवढ्यात पाच अल्बम काढले आणि ऐन भरात असताना दुकान बंद केलं. पुढे २००७-०८ मध्ये पुन्हा एकत्र येऊन जगभर फिरले आणि आपापल्या घरी गेले. त्यांची गाणी त्यांच्या चाहत्यांसमोर वाजवायची, एवढाच आमचा कार्यक्रम होता.

आपल्या वार्ताहराला दोष देत नाही. लाऊडस्पीकरच्या परवानगीसाठी आम्ही अर्ज घेऊन गेलो, तेव्हा विषय लिहिला होता ‘पोलीस बँडची गाणी वाजवणेबाबत’. टेबलामागच्या साहेबांनी तो दोनदा वाचला आणि विचारलं, ‘‘कोणत्या मुख्यालयाचा बँड?’’ मी म्हणालो, लंडनचा. ‘‘मग तिकडचं पत्र जोडा.’’ शेवटी आमच्यात गाणाऱ्या शाळामास्तरांनी तिथेच बाकावर बसून नवा अर्ज लिहिला. विषय, ‘इंग्रजी सुगम संगीत’. अर्ध्या तासात शिक्का मिळाला. प्रमुख पाहुण्यांनीही दीपप्रज्वलन करून पोलीस बांधवांचं कार्य किती मोलाचं आहे यावर दहा मिनिटं भाषण केलं आणि दुसऱ्या कार्यक्रमाला निघून गेले. पहिल्या रांगेत एक निवृत्त हवालदार नातवाला घेऊन आले होते, बँडमास्तरची काठी दाखवायला. काठी काही आली नाही, तरी ते शेवटपर्यंत बसले. जाताना म्हणाले, ‘‘ड्रमवाला पोरगा कवायतीला चालला असता.’’

हे सगळं हसण्यावारी नेलं असतं. पण गुरुवारी आपण एका वाचकाचं पत्र छापलंत, म्हणून कागद पुढे ओढला. त्यांचं म्हणणं असं, की दहावीच्या परीक्षा चालू असताना हा गोंगाट कशाला, कार्यक्रमाची सुरुवातच बेसूर पेटीने झाली, आणि मुळात खान्देशच्या मातीशी या असल्या गाण्यांचा संबंध काय?

परीक्षेचं मला मान्य आहे. म्हणूनच दहापर्यंत मुदत असताना आम्ही साडेआठला आवरलं. दहावीच्या पोराचं दुःख माझ्याइतकं कोणाला कळणार? ‘पोलीस’चे हे तिघे मार्च १९८० मध्ये मुंबईत येऊन वाजवून गेले होते. धोबी तलावाजवळचं उघड्यावरचं रंगभवन, टाइम अँड टॅलेंट्स क्लब या महिलांच्या संस्थेने ठेवलेला कार्यक्रम. आमच्या शेजारच्या ब्लॉकमधल्या अँग्लो-इंडियन गार्डचा मुलगा बापाच्या पासवर मुंबईला गेला आणि ऐकून आला. मला म्हणाला होता, चल. मी त्या वर्षी दहावीला. वडिलांना विचारायची हिंमतसुद्धा झाली नाही. बीजगणिताचा पेपर काही फार बरा गेला नाही तो नाहीच, आणि रंगभवनही गेलं. पुढे तिथेही शांतता क्षेत्राचा नियम आला आणि कार्यक्रम थांबले. आम्ही मार्चमधला शनिवार धरला तो त्या मुंबईच्या कार्यक्रमाची आठवण म्हणून. पुढच्या वर्षी परीक्षा संपल्यावर ठेवू, मात्र एप्रिलात भुसावळला गिटारच्या तारा उन्हाने उतरतात, हेही त्या वाचकांनी लक्षात घ्यावं.

त्या गार्डच्या मुलाने मला टीडीकेची नव्वद मिनिटांची कॅसेट भरून दिली होती. ती मी इतकी ऐकली की पट्टी दोनदा तुटली आणि दोनदा नेलपॉलिशने चिकटवली. दुसऱ्या बाजूला ‘वॉकिंग ऑन द मून’ होतं. त्या गाण्यात मोकळी जागा फार. बेस दोन-चार पावलं टाकतो आणि थांबतो, मग गिटारची एकच झणकार सुटते आणि लांब कुठेतरी विरत जाते. माझ्या कॅसेटवर ती झणकार विरता विरताच एकदम टाळ सुरू व्हायचे. कॉलनीतल्या सप्ताहाचा हरिपाठ. कॅसेट कोरी आहे असं समजून वडिलांनी भरला होता. त्यानंतर कितीतरी वर्षं मी ते गाणं पुढे ऐकलंच नाही. मोबाईलवर पहिल्यांदा अख्खं ऐकलं तेव्हा वाटलं, यांनी शेवट बदलला! आता सांगा, मातीशी संबंध आणखी किती जवळचा पाहिजे?

बेसूर पेटीबद्दल सांगतो, कारण तिथे आमच्या वहिनींवर अन्याय झाला आहे. वहिनी भजनी मंडळात बावीस वर्षं पेटी वाजवतात. त्यांचा सूर चुकत नाही. १९७८ सालच्या ‘रॉक्झॅन’च्या मूळ रेकॉर्डवर अगदी सुरुवातीला पियानोचा एक भलताच आवाज येतो आणि मागोमाग कोणीतरी हसतं. स्टुडिओत स्टिंग चुकून पियानोच्या पट्ट्यांवर टेकला आणि ते त्यांनी तसंच राहू दिलं. जगभर ज्यांना हे गाणं येतं, ते सगळे त्या चुकीची वाट बघतात. म्हणून वहिनींनी मुद्दाम पेटीवर कोपर ठेवलं आणि मुद्दाम हसल्या. त्यासाठी त्यांनी आठ दिवस सराव केला, कारण चुकीचं वाजवायला त्यांचा हातच धजत नव्हता. समोर इंजिनिअरिंगची पोरं बसली होती, ती त्या कोपराला उठून टाळ्या वाजवत होती. पत्रलेखकांना त्या टाळ्या ऐकू आल्या असतीलच.

आता ड्रमवाला. हा यावल तालुक्यातला, सातपुड्याच्या पायथ्याचा पोरगा. लहानपणी होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात त्या भल्यामोठ्या ढोलांच्या मागे दिवसभर फिरलेला. आज लग्नाच्या बँडमध्ये साईड ड्रम वाजवतो, सीझनमध्ये एका दिवसात दोन-दोन सुपाऱ्या. हात असा की वाळत घातलेल्या पापडावर वाजवील आणि पापड मोडणार नाही. पण ‘पोलीस’ची निम्मी गाणी रेगेच्या, म्हणजे जमैकाकडच्या संगीताच्या, अंगाने जातात, आणि रेगेमध्ये पहिल्या मात्रेवर ढोल पडतच नाही. ती मात्रा रिकामी सोडायची आणि तिसरीवर मारायचं. आपल्याकडे सम म्हणजे सगळ्यांनी मान डोलवायची जागा. तिथेच गप्प बसायचं म्हटल्यावर हा पोरगा हबकला. मला म्हणाला, ‘‘काका, पहिल्या ठोक्यावर वाजवलं नाही तर घोडा चालत नाही, भो.’’

खरंच आहे. वरातीचा घोडा त्या ठोक्यावर पाय उचलतो. पंधरा वर्षांची सवय पायात बसलेली. सावद्याच्या रस्त्याला मास्तरांच्या चुलतभावाचं केळीचं गोदाम आहे, तिथे भिंतींना गोणपाट लावून आमचा सराव चालायचा. ‘एक’ आला की याचा उजवा पाय आपोआप पेडलवर पडायचा. मास्तरांनी त्याच्या समोर क्रेटवर बसून ‘एक’ला तोंडावर बोट ठेवायचं आणि ‘तीन’ला टाळी द्यायची, असं तीन आठवडे केलं. चौथ्या आठवड्यात एका रात्री तो पाय थांबला. बेस पुढे गेला, मध्ये पोकळी राहिली, आणि तिसरीवर असा धम्मकन ठोका पडला की आम्ही बाकीचे चौघे वाजवायचं सोडून त्याच्याकडे बघत राहिलो. तो मात्र हसेना. म्हणाला, ‘‘हे तर खड्डा दाखवून उडी मारायला लावतंय.’’ रेगेबद्दल याहून बरं मी कुठे ऐकलेलं नाही. दुसऱ्या दिवशी वरातीत त्याने तेच करून पाहिलं. घोडा थांबला आणि मालकाने त्याचे दोनशे कापले.

कोपलँडचं लहानपण बैरूतला गेलं, तिथला अरबी ठेका त्याच्या हातात उतरला. याच्या हातात भोंगऱ्याचा आहे. ‘मातीशी संबंध काय’ याचं उत्तर मी एवढंच देऊ शकतो.

मास्तरांचंही सांगायला पाहिजे. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात, गळा चांगला, इंग्रजी उच्चार त्याहून चांगले. स्टिंगसुद्धा आधी शाळामास्तरच होता, इंग्लंडच्या उत्तरेकडे. नाव गॉर्डन समनर. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा स्वेटर घालून वाजवायचा, गांधीलमाशीसारखा दिसायचा, म्हणून लोकांनी नाव पाडलं स्टिंग. आमचे मास्तर त्यांची सगळी गाणी म्हणतात, फक्त १९८० सालचं ‘डोन्ट स्टँड सो क्लोज टू मी’ म्हणत नाहीत. ते एका मास्तरावर आणि त्याच्या विद्यार्थिनीवर आहे. मास्तर म्हणतात, ‘‘गाव लहान आहे, अर्थ सांगत बसायला वेळ नाही.’’ बरोबर आहे त्यांचं. शिवाय स्टिंग गाता गाता बेस वाजवतो, ते त्यांना जमत नाही. आमच्यात कोणालाच जमत नाही. म्हणून बेसला आम्ही मेडिकल दुकानवाले घेतले. लंडनच्या तिघांचं काम भुसावळला पाच जणांना करावं लागतं.

माझी चूक मी स्वतःच सांगतो, कारण ती कोणाच्या पत्रात आली नाही. ‘एव्हरी ब्रेथ यू टेक’मध्ये गिटारचा जो तुकडा सतत फिरतो, त्यात डाव्या हाताची बोटं गिटारच्या दांडीवर पाचव्या घरापासून नवव्या घरापर्यंत ताणावी लागतात. पस्तीस वर्षं शेडमध्ये नट-बोल्टचे पाने फिरवून माझी करंगळी वाकडी झाली आहे, ती सातव्याच्या पुढे जात नाही. मग मी तो तुकडा वरच्या पट्टीत घेतो, तिथे घरं लहान. आणि मास्तरांना गळा ताणावा लागतो. दुसऱ्या कडव्यात त्यांचा आवाज चिरकला, तो माझ्या करंगळीमुळे. हे गाणं १९८३ मध्ये अमेरिकेत आठ आठवडे पहिल्या नंबरवर होतं, आणि लोक त्याला प्रेमगीत समजतात. वास्तविक त्यातला माणूस सोडून गेलेल्या बाईवर पाळत ठेवून आहे. कार्यक्रमानंतर एक गृहस्थ आले, मुलीच्या रिसेप्शनला हेच वाजवा म्हणाले. वहिनींनी त्यांना नीट अर्थ सांगितला. ते जरा विचारात पडले आणि म्हणाले, ‘‘मग तर वाजवाच. जावई पुण्याला असतो.’’

खुर्च्या दीडशे मांडल्या होत्या, शंभरेक भरल्या. धुळ्याहून एक जण दुपारची एसटी धरून आले होते, टॉवेलात गुंडाळलेली ‘पोलीस’च्या ‘झेन्याटा मोंडाटा’ अल्बमची जुनी एलपी घेऊन. आमच्या पाचही जणांच्या सह्या त्यांनी घेतल्या. एलपीवर नाही, टॉवेलावर. एलपी खराब होईल म्हणाले. मला ते पटलं.

संपादक महोदय, माझी तक्रार वेगळीच आहे. बातमीत प्रमुख पाहुण्यांचं नाव आहे, मंचावरच्या सात जणांची नावं हुद्द्यांसकट आहेत, आभार कोणी मानले तेही आहे. वाजवणाऱ्या पाचांपैकी एकाचंही नाव नाही. ‘पोलीस’ कोण हे न कळणं मी समजू शकतो. पण तबला, पेटी, बँड, ऑर्केस्ट्रा, भुसावळ-जळगावकडे कोणीही हौसेने वाजवलं तरी बातमी अशीच येते, हे मी तीस वर्षं वाचतो आहे. पाचही नावं सोबतच्या चिठ्ठीवर स्वच्छ अक्षरात लिहिली आहेत, कोण काय वाजवतं त्यासह. दुरुस्तीची चौकट टाकाल तेव्हा ती घ्यावीत. ड्रमवाल्याने त्याचा मोबाईल नंबरही छापायला सांगितला आहे, लग्नसराई तोंडावर आली आहे म्हणून. ते जाहिरातीत मोडत असेल तर दर कळवा, आम्ही चौघे मिळून भरू. घोड्याचे दोनशे त्याचे अजून निघायचे आहेत.

आपला,
एक निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ