टॉलेमीला हसू नकोस

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

सूर्य पृथ्वीभोवती फिरतो असं माणसं इतकी शतकं कशी मानत बसली, असं तू विचारलंस. त्या काळचा पुरावा पाहून निकाल द्यायचा असता, तर मीही पृथ्वी मध्यभागी मानणाऱ्या टॉलेमीच्याच बाजूने दिला असता.

मंगळ वक्री होतो, काही आठवडे उलटा सरकतो आणि पुन्हा मार्गी होतो. इ. स. 150 च्या सुमारास टॉलेमीने त्याला मोठ्या वर्तुळावर फिरणाऱ्या छोट्या वर्तुळावर बसवलं. ग्रह कुठे दिसेल हे त्यावरून बऱ्यापैकी अचूक सांगता येई. सूर्य मध्यभागी ठेवून तर ॲरिस्टार्कसने इ. स. पूर्व तिसऱ्या शतकातच पाहिलं होतं. पण पृथ्वी फिरत असेल, तर सहा महिन्यांनी जवळचे तारे जरासे सरकलेले दिसायला हवेत. ते दिसत नव्हते. आक्षेप अगदी रास्त होता!

1543 मध्ये कोपर्निकसचं पुस्तक आलं. पृथ्वी आतल्या कक्षेतून मंगळाला मागे टाकते, म्हणून तो उलटा जाताना दिसतो, हे त्याचं उत्तर फार सुरेख. पण वर्तुळांचा हट्ट त्यानेही सोडला नाही, त्यामुळे छोटी वर्तुळं राहिलीच आणि भाकितंही फारशी सुधारली नाहीत. टायको ब्राहेने मधला मार्ग काढला: ग्रह सूर्याभोवती, सूर्य पृथ्वीभोवती. गॅलिलिओला दुर्बिणीतून शुक्राच्या चंद्रासारख्या कला दिसल्या, म्हणजे शुक्र सूर्याभोवती फिरतो हे कळलं, तेव्हा टॉलेमी हरला, टायको नाही. हे पाठ्यपुस्तकं सहसा सांगत नाहीत.

मला सगळ्यांत केप्लर आवडतो. टायकोच्या मंगळाच्या नोंदींशी त्याने वर्तुळांचं गणित जवळजवळ जुळवलं होतं. फरक उरला 8 कोनीय मिनिटांचा, म्हणजे पूर्ण चंद्राच्या रुंदीचा जेमतेम पाव. दुसऱ्या कुणी तो नोंदींच्या माथी मारला असता. पण नुसत्या डोळ्यांनी निरीक्षण करूनही टायको एवढा चुकणार नाही, याची केप्लरला खात्री होती. त्याने वर्तुळच टाकून दिलं. 1609 मध्ये लंबवर्तुळ आलं आणि छोट्या वर्तुळांचं काम संपलं. लंबवर्तुळच का, ते न्यूटनने 1687 मध्ये गुरुत्वाकर्षणातून दाखवलं.

ताऱ्यांचं ते सरकणं बेसेलने थेट 1838 मध्ये मोजलं. अंशाच्या 10,000 व्या भागाहूनही कमी! तोवर त्या पुराव्यासाठी खगोलशास्त्र अडून राहिलं नव्हतं.

बुधाने न्यूटनलाही कसं अडचणीत आणलं, ते पुढच्या पत्रात.

तुझा,
बाबा