‘हमार्तिया’ म्हणजे नुसता हुकलेला नेम नव्हे

संपादक महाशय,

गेल्या रविवारच्या पुरवणीतला पापावरचा लेख वाचला. ‘हमार्तिया’ हा ग्रीक शब्द धनुर्विद्येतला, अर्थ नेम हुकणे. तेव्हा पाप म्हणजे फक्त हुकलेला नेम, असे लेखक बजावून सांगतात. प्रवचनांतूनही हे सारखे कानावर येते. ऐकायला गोड, पण अर्धवट.

शब्दाच्या मुळाशी ‘चुकणे’ आहे हे खरे. होमरच्या ‘इलियड’ या ग्रीक महाकाव्यात पँडरस या योद्ध्याचा भाला ढाल भेदतो, पण प्रतिस्पर्धी डायोमिडीजच्या अंगाला लागत नाही. ‘चुकलास’ असे डायोमिडीज त्याला सुनावतो, ते याच क्रियापदाने. (भाला होता, बाण नव्हे, ते असो.) आपलाही रस्ता चुकतो, बस चुकते आणि हातून चूक होते. म्हणून ‘माझं चुकलं’ म्हणणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काय धनुष्य असते?

ॲरिस्टॉटल हा शब्द शोकांतिकेतल्या नायकाच्या चुकीसाठी वापरतो; तिथपर्यंत लेखकाचे म्हणणे ओढूनताणून चालेल. अशाच शोकांतिकेचा नायक इडिपस; त्याने तिठ्यावर ज्याला मारले तो आपला बाप, हे त्याला ठाऊकच नव्हते. पण इ.स.पू. तिसऱ्या शतकापासून यहुदी शास्त्र ग्रीकमध्ये येऊ लागले आणि हिब्रूतल्या पापाला हाच शब्द मिळाला. तो हिब्रू शब्दही ‘चुकणे’ या अर्थाचा: बायबलमधल्या ‘शास्ते’ पुस्तकातले 700 डावखुरे गोफणवाले केसावर नेम धरीत आणि चुकत नसत.

आता बायबलमधल्याच दावीद राजाचे पाहा. उरिया या आपल्याच सैनिकाच्या बायकोला त्याने आधीच नादी लावले होते. मग उरियाला तुंबळ लढाईच्या तोंडी उभे करून मागे हटा, असे सेनापतीला पत्र लिहिले आणि ते उरियाच्याच हाती धाडले. उरिया मेला. नेम अगदी अचूक लागला होता! नाथान संदेष्ट्याने जाब विचारल्यावर दावीद ‘मी परमेश्वराविरुद्ध पाप केले आहे’ अशी कबुली देतो, तिथे ग्रीक अनुवादात क्रियापद तेच आहे. पुढे ख्रिस्ताचा प्रेषित पौल याच्या रोमकरांस पत्रात तर हमार्तिया माणसावर राज्य करते आणि मरण हे तिचे वेतन ठरते. हुकलेला बाण कोणावर राज्य करत नाही.

लेखाचा पुढचा भाग येणार असल्यास लेखकांनी दावीदाच्या या प्रसंगाची दखल घ्यावी, ही विनंती.

– एक निवृत्त शिक्षक, वसई