गिरणीवाल्या काकूंना

काकू,

सप्रेम नमस्कार.

चर्चमधली सुट्टीतली बायबल शाळा संपून चार दिवस झाले, तरी पोरं रोज विचारतात, "बाई, उद्या आहे का?" तुमचे आभार मानायला गिरणीत आले, तर "पीठ उडतंय, लांब उभी राहा" म्हणत तुम्ही मला बोलूच दिलं नाहीत. म्हणून हे पत्र, अख्ख्या गल्लीनं वाचावं असं.

या शाळेची पत्रकं एप्रिलमध्येच छापून आली होती. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या मोठ्या माणसांनी "आम्ही वाटतो" म्हणून गठ्ठे घेतले. पुढच्या रविवारी भक्तीनंतर झाडताना तीच पत्रकं बाकांखाली सापडली. एकांनी तर विचारलं, "बाहेरची पोरं कशाला?" अहो, 1898 साली न्यूयॉर्कमध्ये एका डॉक्टरांच्या पत्नीनं अशी शाळा भरवली, ती रस्त्यावर हिंडणाऱ्या पोरांसाठीच!

तुम्ही मात्र तोंडावर विचारलंत, "धर्म बदला म्हणणार का पोरांना?" मी म्हटलं, नाही काकू. बायबलमधल्या गोष्टी, कृतिगीतं, चित्रं, खाऊ. तुम्ही स्वतः येऊन बघा. आमची तयारी चालू असताना तुम्ही खरंच आलात, तासभर बसलात.

भिंतीवर एक पत्रक लावलं असतंत तरी पुष्कळ होतं. पण ज्या घरात लहान मूल, त्या घरच्या डब्यात तुम्ही दळणावर पत्रक घडी करून ठेवलंत आणि मग झाकण लावलंत. कुणाकडे किती पोरं, हे तुम्हाला दळणावरून ठाऊक. पहिल्या दिवशी एक मुलगी ती घडी मुठीत धरून आली. उघडली तर आत शाळूचं पीठ. माझ्या बोटांना लागलं ते, आणि मला पुढं बोलवेना. निम्म्याहून जास्त पोरं अशीच तुमच्या डब्यांतून आली.

2019 च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं 57 फूट ओलांडले, तुमची गिरणी बुडाली. तेव्हा आमच्यातलं कुणी तुमच्या दारात आलं नव्हतं. मीही नाही. तुम्ही ते एकदाही बोलून दाखवलं नाहीत. अशी माणसं शेजारी आहेत म्हणून गल्लीत पोरं बिनघोर खेळतात.

शनिवारी गव्हाचं दळण घेऊन येते. या वेळी लांब उभी राहणार नाही.

तुमची,
चर्चमधली बाई, सांगली