पिवळ्या चोचीची मुनिया

प्रिय वंदे,

दिवाळीपासून तुला उत्तर नाही, माझ्या नावानं शिव्या घालून झाल्या असतील तर आता वाच. गुडघा तसाच आहे, ह्यांची शुगर ठीक, तब्येतीचं झालं.

शनिवारी एक गोष्ट घडली. फोनवर सांगावं म्हणून दोनदा तुझा नंबर लावला आणि कट केला, कारण त्यात एक जुनं भांडण पण आहे आणि ते मला लिहूनच सांगता येईल.

जुन्या नाशकातल्या एका वाड्यात प्रायोगिक कलांचा महोत्सव भरलाय. भाची व्हॉलंटिअर, तिनं उद्घाटनाला ओढूनच नेलं. कोचीत 2012 पासून जुन्या गोदामांतून बिनाले, कलेचं ते मोठं प्रदर्शन, भरतं ना, ते बघून आल्यापासून तिला आपल्याकडे पण असं काहीतरी हवंच होतं. दीपप्रज्वलन वगैरे काही नाही. चौकात तांब्याचं घंगाळ, त्यावर टांगलेली बर्फाची लादी आणि वितळणाऱ्या थेंबांचा आवाज स्पीकरवर. मला खरंच आवडलं, पण दहा मिनिटांत माझं लक्ष माणसांच्या कपड्यांकडे गेलं. एकानं धोतर नेसलेलं, वर काळा कोट, पायात स्पोर्ट शूज, आणि निऱ्या इतक्या चोख की विचारू नकोस. खणाचे शर्ट घातलेली पोरं, इरकलीची पॅन्ट घातलेली एक बाई. एका मुलीनं गोधडीचा कोट घातला होता, खरी हातटाक्यांची गोधडी, कोपऱ्यात कुणाच्या तरी लुगड्याचा हिरवा तुकडा. आणि कॉलेज रोडच्या बायका सगळ्या लिननमध्ये, मुद्दाम चुरगळलेल्या. काकू असत्या तर म्हणाल्या असत्या, पावसात सापडलात का गं बायांनो.

मग जिन्याजवळ एक मुलगी पाठमोरी उभी दिसली, तिशीची असेल. अंगात जॅकेट, आणि पाठीवर पैठणीचा पदर. भरजरी, जर जरा काळवंडलेली, वर असावलीची फुलवेल, खाली मुनियांची, त्या चिमुकल्या पोपटांची, ओळ. मुनिया हिरव्या, चोची लाल. आणि उजवीकडून तिसरी मुनिया पिवळ्या चोचीची.

वंदे, मी तिथंच पायरीवर बसले.

1985, दिवाळीच्या आधीचे दिवस. तुझे अण्णा सूत आणायला गेलेले, आपण कांड्या भरायच्या सोडून मागावर बसलो, खड्ड्यात पाय सोडून, तू डावीकडे मी उजवीकडे, दोघींच्या हातात तिल्ल्या, नक्षीच्या रंगीत धाग्यांच्या त्या छोट्या कांड्या. अण्णांना ते कळलं तेव्हा पुढे वीतभर विणून झालं होतं, उसवायचं तर दोन दिवस गेले असते म्हणून त्यांनी तसंच राहू दिलं आणि शेठनं त्यांच्या मजुरीतून पैसे कापले. तुला सहा महिने मागाजवळ फिरकायची बंदी झाली. तुला शिकायचं होतं गं. मला नव्हतंच शिकायचं, मी नुसती तुझ्या मागं मागं यायचे. तू तेव्हापासून म्हणतेस पिवळी तिल्ली सुमीनं घातली, मी तेव्हापासून म्हणते वंदीनं, तुझ्या लग्नात हळदीच्या दिवशीसुद्धा आपण त्यावरून भांडलो. ती मुनिया उजवीकडे आहे, वंदे. माझ्या बाजूला. आणि खरं सांगायचं तर ते मला बघायची गरज नव्हती, मला माहीत होतं. लाल तिल्ली खाली पडली होती, पिवळी हाताशी होती. मी गप्प बसले. चुकलं माझं, फार चुकलं.

मी त्या मुलीला सगळं सांगितलं. तिनं जॅकेट काढून माझ्या हातातच दिलं. अस्तर एका बाजूनं नुसतं टिपलेलं होतं, ते तिनं वर करून दाखवलं, आतून पण तीच मुनिया, तेवढीच स्वच्छ, एक धागा लोंबत नाही. अण्णांचा हात! साडी तिला जुनी जर घेणाऱ्याकडे मिळाली. अंग घड्यांवर चिरलेलं, तो चांदीसाठी जाळायलाच काढणार होता, तिनं पदर वाचवला.

आता तिला येवल्याला यायचंय, अण्णांना भेटायला, जॅकेट घालून. मी हो म्हणून बसलेय आणि तीन रात्री झोप नाही. तुला आठवतंय ना, पुण्याचा तो माणूस पदर कापून पर्स करायच्या म्हणत आला होता, अण्णांनी त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवला, काकू चहा घेऊन आल्या तर तो पण आत न्यायला लावला. कात्रीचं नाव घेतलेलं खपायचं नाही त्यांना. आता डोळ्यांना नीट दिसत नाही पण बोटांना कळेल, शिवण लागली की कळेलच. एकदा वाटतं नको, ह्या वयात कशाला. मग वाटतं जाळली असती तर काय उरलं असतं, आजीनं लुगडी फाडूनच गोधड्या केल्या ना, तेव्हा अण्णा काही बोलले नाहीत, त्याच अंगावर घेऊन झोपले. पण लुगडं वेगळं आणि त्यांच्या हातचा पदर वेगळा. आणि माग विकल्यापासून ते कुणाशी विणकामाबद्दल बोलत नाहीत असं दादा म्हणतो, ती पोरगी तर ताणा कसा लावायचे इथपासून विचारणार आहे. काय करू सांग. तू मुलगी आहेस त्यांची.

भाच्याला, म्हणजे तुझ्या बंट्याला, नोकरी लागल्याचं कळलं, पेढे बडोद्याहून पाठव, इथले नको. किचनचे फोटो पाहिले, ओटा छान झालाय. बीपीची गोळी चुकवू नकोस.

ती येत्या रविवारी म्हणतेय, नाशिकहून येवला 80-85 किलोमीटर, सकाळची एसटी धरणार आहोत. शुक्रवारच्या आत फोन कर. नको म्हणालीस तर मी तिला नाही सांगेन, कारण विचारणार नाही. आणि जायचं ठरलं तर अण्णांना तिल्लीचं मी स्वतः सांगणार आहे, आधी तेच सांगणार, मग जॅकेट त्यांच्या हातात देणार. त्या वेळी तू फोनवर असशील का?

तुझी,
सुमी