माथेरानचा दगड समजावून सांगणारे वाटाडे हवेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळी सुट्टीतील सहलींविषयी आपल्या दैनिकात गेल्या आठवड्यात आलेल्या मजकुरात माथेरानला अर्धे पान मिळाले होते. राहण्याची सोय, घोडे, मिनी ट्रेन, पॉइंटांची यादी असे सगळे त्यात होते. परंतु ज्या रानावरून या गावाला नाव पडले असे सांगतात ते रान आणि ज्या दगडावर ते वसले आहे तो दगड यांविषयी एक ओळही नव्हती. यात लिहिणाऱ्याचा दोष नाही, कारण प्रत्यक्ष माथेरानात गेलेल्या माणसालाही हे कोणी सांगत नाही. एप्रिल आणि मे महिन्यांत प्रशिक्षित स्थानिक वाटाड्यांबरोबर जंगलफेरी आणि दगडफेरी (शब्द जरा भयंकर वाटेल, पण दुसरा सुचत नाही) नियमित सुरू करावी, एवढेच सुचवण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

गेल्या मे महिन्यात नातीला घेऊन गेलो होतो. तिच्यासाठी घोडा केला आणि मी शेजारून चालत होतो. अश्वपालाने ठरलेली माहिती ठरलेल्या सुरात सांगितली: या पॉइंटाला या साहेबाचे नाव, या झाडाखाली अमुक चित्रपटाचे चित्रीकरण झाले. वाटेत नातीने एक तांबडा, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा भोकाभोकांचा दगड उचलला आणि ही भोके कशाने पडली, असे त्याला विचारले. "पाण्यानं पडतात," एवढेच तो म्हणाला आणि चालू लागला. थोड्या वेळाने मात्र तो आपणहून मागे वळून सांगू लागला, की त्याच्या कोकणातल्या आजोळी याच दगडाचे चिरे काढतात, जमिनीतून काढताना तो इतका मऊ असतो की हत्याराने सहज कापला जातो, आणि पुढे उन्हावाऱ्यात राहिला की टणक होतो. चौतीस वर्षे भूगोल शिकवताना जांभा खडकाचे इतके नेमके वर्णन मी वर्गात केल्याचे मला आठवत नाही. हे सारे त्याला ठाऊक होते. ते गिऱ्हाइकाला सांगण्याजोगे आहे, हे मात्र त्याला कोणी सांगितले नव्हते.

त्याचे "पाण्यानं पडतात" हे उत्तरही फारसे चुकीचे नव्हते. माथेरानचा डोंगर सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरत गेलेल्या लाव्हारसाच्या थरांचा, म्हणजे काळ्या बेसाल्टचा आहे. या थरांमुळे डोंगरउतारांना पायऱ्यांचा आकार येतो, म्हणूनच या खडकांना पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून ‘ट्रॅप’ हे नाव पडले. सुमारे 800 मीटर उंचीच्या माथ्यावर मात्र या काळ्या कातळाला जांभ्याचे तांबडे टोपण आहे. रणरणता उन्हाळा आणि धो धो पाऊस यांच्या आलटून पालटून होणाऱ्या माऱ्याने बेसाल्टमधील सिलिका आणि इतर विरघळणारी द्रव्ये प्रदीर्घ काळात झिरपून गेली, लोह आणि ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे राहिली आणि त्यातून हा दगड बनला. माथेरानहून परतलेल्या प्रत्येकाच्या बुटांना आणि पायजम्याच्या कडांना चिकटून येणारी धूळ म्हणजे त्या लोहाचा गंज आहे. सच्छिद्र जांभ्यात पाणी मुरते आणि खालच्या घट्ट कातळाशी अडले की कड्याच्या बाजूने झरा होऊन बाहेर पडते, हेही एखाद्या झऱ्यापाशी उभे राहून दोन मिनिटांत समजावता येते.

फ्रान्सिस बुकानन यांनी 1807 मध्ये केरळातील अंगाडिपुरम येथे याच प्रकारच्या दगडाचे वर्णन करून त्याला ‘लॅटेराइट’ हे नाव दिले, आणि तेथील जांभा 1979 पासून राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे. आपल्याकडे तोच दगड घोड्यांच्या टापांखाली रोज भरडला जातो आणि त्याची ओळख ‘लाल माती’ या दोन शब्दांत संपते.

दगडफेरीसाठी वेगळी जागा शोधण्याची गरज नाही. नेरळहून निघणारी, 1907 मध्ये सुरू झालेली छोटी रेल्वे डोंगर कापत वर चढते, त्यामुळे लाव्हाचे थर एकामागून एक खिडकीतूनच दिसतात. थराच्या वरच्या भागात वायूच्या बुडबुड्यांनी राहिलेल्या पोकळ्या असतात आणि कित्येक पोकळ्यांत पुढे पांढरी स्फटिकी खनिजे भरलेली असतात. संध्याकाळी सनसेट पॉइंटवर गर्दी सूर्याकडे पाहत असते, तेव्हा समोरच्या प्रबळगडाकडे बोट दाखवावे आणि त्याचा सपाट माथा व कड्यातील आडवे थर आपल्या बाजूच्या थरांशी ताडून पाहायला सांगावे. मधली दरी नंतर कोरली गेली, हे दहा वर्षांच्या मुलालाही तेथे चटकन कळते.

जंगलफेरी सकाळी सहा ते साडेआठच्या दरम्यान असावी, कारण त्यानंतर घोडे आणि लाउडस्पीकर दोन्ही सुरू होतात. आम्ही गेलो तेव्हा अंजनीचा बहर ओसरला होता, तरी काही फांद्यांना चिकटून निळ्या फुलांचे झुबके होते, करवंदे काळी पडू लागली होती आणि ओढ्याच्या बाजूने शीळकरी कस्तुर पक्ष्याची शीळ ऐकू येत होती. या वेळी झाडे फुलाफळांवर असतात आणि वाटा कोरड्या असतात, त्यामुळे उन्हाळ्यासारखा दुसरा मोसम या कामाला नाही.

केंद्र सरकारने 2003 मध्ये माथेरानला पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर केले, म्हणून काही पथ्ये हवीत. एका फेरीत बारापेक्षा अधिक माणसे नसावीत, हातोडी नेऊ देऊ नये, आणि कोणीही दगड किंवा स्फटिक खिशात घालू नये. माहितीफलक लावायचेच तर थोडे लावावेत. दगडाची ओळख करून देण्यासाठी काँक्रीटची कमान आणि काचेचा सज्जा उभारण्याची जी हौस हल्ली सर्वत्र दिसते, ती येथे नसलेली बरी.

वाटाडे बाहेरून आणू नयेत. अश्वपाल, हमाल, पायथ्याच्या वाड्यांतील ठाकर आणि कातकरी तरुण यांना रानवाटा पाठ आहेत. माथेरानमधील माणसांनी ओढायच्या हातरिक्षा बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये दिला आहे. त्या ओढणाऱ्या कष्टकऱ्यांपैकी ज्यांना ई-रिक्षाऐवजी हे काम करावेसे वाटेल त्यांचाही प्राधान्याने विचार व्हावा. नगरपरिषद आणि वन विभागाने मुंबई-पुण्यातील महाविद्यालयांच्या भूशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र विभागांना विनंती केली, तर आठ-दहा दिवसांचे प्रशिक्षण मराठीतून आणि प्रत्यक्ष वाटेवर सहज देता येईल. शेवटी एक ओळखपत्र आणि फेरीचा ठरलेला दर द्यावा, म्हणजे घासाघीस होणार नाही.

हे प्रशिक्षण मार्चअखेर आटोपले पाहिजे. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस लागला, की जांभ्यावर शेवाळ धरते, कड्याकाठच्या वाटा निसरड्या होतात आणि नेरळहून येणारी गाडीही पावसाळ्यापुरती थांबते.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक, बदलापूर