रेतमात्रा टिकते, मग किडनी का नाही?

महोदय,

निफाड-सिन्नर भागात मी ३१ वर्षं पशुधन पर्यवेक्षक होतो. द्रव नत्राचं कंटेनर मोटारसायकलला बांधून वस्त्या पालथ्या घातल्या. उणे १९६ अंशांतली रेतमात्रा, म्हणजे गाई भरवण्यासाठीची वळूच्या वीर्याची गोठवलेली नळी, चिमट्याने काढायची, ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट धरायची, की शुक्रपेशी पुन्हा वळवळू लागतात. ही किमया वीर्यात मिसळलेल्या ग्लिसरॉल या पाकासारख्या द्रवाची. १९४९मध्ये पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स या शास्त्रज्ञांनी कोंबड्याच्या शुक्रपेशींवर दाखवलेली. ग्लिसरॉल नसलं तर बर्फाचे कण पेशी फाडतात. फ्रीजरमध्ये विसरलेला टोमॅटो आठवा.

नातू विचारतो, आजोबा, मग किडनी का नाही ठेवत अशी? अरे, अवयव जाड. आतबाहेर सारखा गरम होत नाही, तडकतो. २०२३मध्ये मिनेसोटा विद्यापीठात लोहाचे सूक्ष्म कण आत सोडून चुंबकीय क्षेत्राने ऊब दिली आणि १०० दिवसांपर्यंत गोठवलेल्या किडन्या उंदरांना बसवल्या. चालल्या! पण उंदराची किडनी केवढी, माणसाची केवढी.

डोळ्यावरच्या पारदर्शक पटलाला एवढा खटाटोप लागत नाही. योग्य द्रावणात ४ अंशांवर १४ दिवसांपर्यंत टिकतं. मात्र मृत्यूनंतर ६ तासांच्या आत काढायला हवं. गेल्या श्रावणात शेजारच्या काकू रात्री अडीचला गेल्या. नेत्रदानाचं संमतीपत्र भरलेलं होतं. पंखा बंद केला, पापण्यांवर ओला कापूस ठेवला, नेत्रपेढीला फोन लावत बसलो. उचलला सकाळी साडेनऊला. रात्रपाळीला एक माणूस बसवायला कुठलं संशोधन लागतं? अमरधामला नेईपर्यंत कापूस मी ओला करतच होतो.

– एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक, सिडको, नाशिक